नागुबाईचं कृपादान

आमच्या चर्चच्या मंडळीत कामं कुणी वाटून द्यावी लागत नसत. ती बापाकडून लेकाकडे आपोआप जात. व्यंकटीचा बाप उपासनेत गायन सुरू करून द्यायचा, म्हणून तो वारल्यावर व्यंकटी सुरू करून देऊ लागला. बापाचा गळा मात्र त्याच्याकडे आला नव्हता. आवाज मोठा होता, इतका की उदगीरच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलेल्यांनाही चर्चमध्ये कुठवर आलं ते कळावं. पण सूर असा, की तबला वाजवणारा भीमा पहिल्या ओळीला मान खाली घालायचा ती शेवटच्या ओळीनंतरच वर काढायचा. भिंतीपलीकडे पाशामियाँचं गाद्या भरायचं दुकान होतं. माणूस भला. त्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त रविवारी नेमकं त्या वेळेला कापूस पिंजायला घ्यायचे.

प्रीतिभोजनात, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणात, वाढायचं काम केरबाकडे होतं. केरबाचा हात मुळातच आखडता. पंगतीत वरणाची पळी तो अशी कलती करायचा की ताटात पडलं की नाही हे वाकून बघावं लागे. शेवटी पातेलं अर्धं भरलेलं राहिलं की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसे, आणि मंडळी घरी जाऊन पुन्हा भाकरी थापत.

आणि आजाऱ्यांना भेटायला नागुबाई जायची.

नागुबाई म्हणजे रेल्वेतल्या गँगमनची विधवा. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं एकदम मऊ. कुणी आजारी आहे असं कानावर आलं की ती पदरात मोसंबं बांधून निघायची. उशाशी बसायची, कपाळावर हात ठेवायची, काय होतंय ते नीट विचारून घ्यायची. आणि मग त्याच आजाराने कोण कोण गेलं ते सांगायची. घाईने नाही, मायेने, बारीकसारीक सगळं सांगून. कावीळ झालेल्या माणसाला तिने निलंग्याच्या चुलत्याची हकीकत सांगितली होती. चुलत्याची कावीळ तर याच्याहून फिकी होती.

त्यामुळे नागुबाई गल्लीच्या तोंडाशी दिसली की घराघरात धावपळ उडे. आजारी माणसाला उठवून बसवत, हातात पेपर देत. व्यंकटीची बायको गुरम्मा एकदा तापाने फणफणलेली असताना झाडू घेऊन अंगण झाडत उभी राहिली होती. नागुबाईने तिला न्याहाळलं, मोसंबं तिच्या हातावर ठेवलं आणि निघून गेली.

तर असं सगळं ज्याच्या त्याच्या ठिकाणी चाललेलं असताना मडिवाळप्पा नावाचे नवे पाळक आमच्याकडे आले. देगलूरकडचे, वयाने तरुण, नुकतेच शिकून बाहेर पडलेले. लातूर जिल्हा वेगळा झाला त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील, आणि पावसाने सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. चर्चच्या आवारातल्या आडाला तळाशी हिरवट चिखल तेवढा उरला होता. बाया घागरी घेऊन पार रेल्वेच्या नळापर्यंत जात.

पाळकसाहेबांनी पहिल्याच महिन्यात उपदेश केला तो कृपादानांवर. देवाने प्रत्येकाला काही ना काही वेगळं दिलेलं आहे, ते ओळखून त्याला तसं काम द्यावं, म्हणजे मंडळी नांदती राहते, असं त्यांचं म्हणणं. बोलले चांगलं. मग त्यांनी एक चूक केली. आपापलं कृपादान काय आहे ते प्रत्येकाने उभं राहून सांगावं, असं म्हणाले.

व्यंकटी पहिला उठला. गायन, म्हणाला. केरबा म्हणाला, सढळ हाताने वाढणं. नागुबाई उठली आणि मऊ आवाजात म्हणाली, दुःखी माणसाला धीर देणं. सगळी मंडळी छताकडे बघू लागली. भीमाला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही.

साहेबांना यातलं अजून काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तिघांनाही शाबासकी दिली.

माहीत झालं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. गढूळ पाणी पिऊन गावात निम्मी घरं आजारी होती, त्यात साहेबांनाही ताप भरला. डॉक्टरने मुदतीचा ताप सांगितला. ते एकटेच राहत. त्यांना बिचाऱ्यांना झाडू घेऊन उभं राहायचं कुणी शिकवलं नव्हतं. नागुबाई आली तेव्हा ते खाटेवर पडलेले होते.

तिने सलाम केला, मोसंबं सोलून दिलं, कपाळावर हात ठेवला.

"मुदतीचा म्हणं."

"हो मावशी. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही."

"हाव. बिदरचे एक पाळकसाहेब होते इथं. त्यांना बी तसंच म्हणले होते." तिने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. "तुमच्याच वयाचे. याच खोलीत. खाट ही न्हाई, खाट नवी हाय. लई गोड हसायचे."

साहेब हसत होते ते थांबले.

मग तिने त्यांना बिदरच्या साहेबांचे शेवटचे दिवस सांगितले. पहिल्या हप्त्यात ते आपल्या पायाने आडापर्यंत जायचे, दुसऱ्या हप्त्यात दारापर्यंत. तिसऱ्याचं तिने काही सांगितलं नाही, नुसता पदर डोळ्याला लावला. उठताना तिची नजर खाटेच्या उशापासून पायथ्यापर्यंत गेली.

"तुमी त्यांच्यापेक्षा उंच हाय," ती म्हणाली, आणि प्रार्थना करून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर उभे होते. पाय लटपटत होते, पण उभे होते. शेजारच्या घरातून सरजाबाईने ते बघितलं आणि काय झालं असेल ते तिला बघताच समजलं. सरजाबाई आमची जुनी बायबलबाई. खेड्यापाड्यांतून बायबल सांगत फिरून फिरून आता गुडघे धरले होते, पण डोकं शाबूत होतं आणि जिभेला धार होती. ती काठी टेकत आली आणि विचारलं, "नागू येऊन गेली का?"

साहेबांनी हो म्हटलं आणि खाली बसले. बसल्या बसल्या त्यांनी मनातलं सगळं बोलून टाकलं. नागुबाईला या कामावरून काढायला हवं. पण काढावं कसं? बाई मनाने वाईट नाही. कुणी जात नाही तिथे जाते. तिला मुलांच्या रविवारच्या शाळेवर घेतलं तर? सरजाबाई म्हणाली, घ्या, म्हणजे आठवड्याभरात सगळी लेकरं दवाखान्यात नेऊन दाखवावी लागतील. साहेब कपाळ धरून बसले. त्यात दुसरी चिंता टँकरची. आपल्या वस्तीला टँकर मिळावा म्हणून ते लातूरला खेटे घालत होते. तिथल्या एका कचेरीत टँकरच्या टेबलावर रामकिशनराव नावाचे गृहस्थ बसत. जिल्हा नवा, तुमच्या वस्तीचे कागद अजून उस्मानाबादेहून आलेले नाहीत, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दर वेळी तेच. बोलताना एक हात पोटावर, दर थोड्या वेळाने सोड्याचं पाणी, आणि पुढच्या आठवड्यात या.

सरजाबाईने काठी मांडीवर आडवी घेतली.

"पोटावर हात?"

"हो. आम्लपित्त असेल."

"दिवसभर?"

"मी गेलो तेव्हा तरी दिवसभर."

सरजाबाई एवढंच म्हणाली, की साहेब, तुमी नागूला कामावरून काढू नका, तिला आजारी माणूस नवा द्या. साहेबांना अर्थ लागला तेव्हा ते आधी नाही म्हणाले. हे बरोबर नाही, असंही म्हणाले. मग त्यांनी आवारातल्या आडाकडे बघितलं. आडाच्या कठड्यावर दोन बाया रिकाम्या घागरी घेऊन नुसत्याच बसल्या होत्या, कुठे जावं ते न कळून.

त्या दुपारी सरजाबाई नागुबाईच्या घरी गेली. लातूरला एक बिचारा माणूस आहे, तिने सांगितलं. पोटाच्या दुखण्याने बेजार. त्याची कुणी विचारपूस करत नाही, आणि तशा हालतीत नोकरी करून राहिला आहे. नागुबाईने सगळं ऐकून घेतलं, कुठं दुखतं तेवढं विचारलं आणि मोसंबी आणायला उठली. सरजाबाईने जाता जाता आणखी एक सांगितलं. देवाने त्याला बरं केलं आणि टँकरची गोष्ट निघालीच, तर रविवार माग. उपासनेच्या वेळेचा.

लातूरला नागुबाईची भाची सुमनबाई राहायची, त्यामुळे मुक्कामाची सोय होती. ताप उतरून अंगात बळ आल्यावर साहेब तिला घेऊन कचेरीत गेले. आत तीन-चार टेबलं, वर एक पंखा, भिंतीला लागून बाकडं. रामकिशनराव साहेबांना बघून कागद अजून आले नाहीत असं म्हणणार, तेवढ्यात नागुबाई त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि मोसंबं सोलू लागली.

"बाई, तुमचं काय काम?"

"काम काही न्हाई. तुमी आजारी हाय म्हणं. भेटायला आले."

रामकिशनरावांनी साहेबांकडे बघितलं. साहेब पंख्याकडे बघत होते.

"मी आजारी नाही."

"सगळे असंच म्हणतात," नागुबाई मायेने म्हणाली. "कुठं दुखतं? इथं, का जरा वर?"

आता पोट दुखणाऱ्या माणसाला कुणी इतक्या आपुलकीने विचारलं तर तो सांगतोच. रामकिशनरावांचा हात आपोआप जरा वर गेला. जेवल्यावर दुखतं का? हो. पाठीत कळ जाते? कधी कधी. नागुबाईने एक लांब श्वास सोडला आणि मोसंब्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली.

मग तिने आपल्या गुरुलिंगमामाची गोष्ट सुरू केली. मामासुद्धा कचेरीतच होते. त्यांनाही जेवल्यावरच दुखायचं आणि तेही सोडा प्यायचे. घरच्यांनी म्हटलं पित्त, मामा म्हणाले पित्त. एक दिवस असेच टेबलाशी बसले होते, समोर एक माणूस कागदावर सही मागत होता, आणि मामा म्हणाले, उद्या या. तो माणूस दुसऱ्या दिवशी आला, पण मामा आले नाहीत. नागुबाईने हे सांगितलं तेव्हा बाजूच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला होता आणि त्या टेबलावरचा माणूस आपली खुर्ची हळूच खिडकीकडे सरकवत होता.

रामकिशनराव म्हणाले की त्यांना काम आहे. नागुबाई म्हणाली, करा की, मी बसते. ती कचेरी सुटेपर्यंत बसली. मधून मधून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. ते बोलण्यापेक्षा जास्त वाईट होतं, असं रामकिशनरावांनी नंतर स्वतःच साहेबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली, तेव्हा गुरुलिंगमामा संपले होते आणि धर्माबादच्या एका मिरची-व्यापाऱ्याचं पोट चालू होतं. साहेब बाहेर बाकड्यावर बसून राहायचे. पुढच्या सकाळी नागुबाई फाटकातून आत येते आहे हे रामकिशनरावांनी खिडकीतून बघितलं आणि शिपायाला धावत साहेबांकडे पाठवलं. उस्मानाबादेहून कागद आले होते. म्हणजे ते आधीच आले होते, दुसऱ्या कपाटात होते. आठवड्यातून दोन वेळा टँकर मंजूर. कुठले वार हवेत?

"एक कुठला बी द्या," नागुबाई म्हणाली. "दुसरा रविवार. सकाळी नऊला."

रविवारी टँकर सोडायचा म्हणजे खास हुकूम काढावा लागतो, असं रामकिशनराव म्हणू लागले. नागुबाई खुर्ची ओढून बसली. त्यांनी हुकूम काढला.

पहिला टँकर बुधवारी आला तेव्हा कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, पण त्या रस्त्यावर मालाच्या ट्रका दिवसभर भोंगे वाजवत जायच्या, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. दिलं तेव्हा सगळेच एकदम धावले. पाइप ज्याच्या हाताला लागला त्याने ओढला. पाशामियाँच्या घरची वहिदा आणि आमची एक बाई एकाच घागरीवरून भांडल्या, आणि ती घागर तिसरीचीच निघाली. निम्मं पाणी रस्त्याने वाहून गेलं, त्यात डुकरं लोळली.

रविवारी उपासनेच्या आधी सरजाबाई फाटकाशी उभी होती. तिने व्यंकटीला बाजूला घेतलं. टँकर आला हे वस्तीच्या त्या टोकापर्यंत कळवायचं तर तेवढा आवाज पाहिजे, आणि तुझ्याशिवाय तो कुणाकडे आहे, असं तिने विचारलं. हे खरंच होतं. व्यंकटी चौकात जाऊन उभा राहिला. मग तिने केरबाला पाइप धरायचं काम दिलं.

टँकर आला. व्यंकटीने हाळी दिली आणि रेल्वेच्या क्वार्टरांमधूनसुद्धा बाया बाहेर आल्या. केरबा पाइप धरून उभा होता. एक हंडा भरला की पाइप दुमडून दाबायचा, पुढचा हंडा बरोबर तोंडाखाली आला की मगच सोडायचा. एक थेंब जमिनीवर गेला नाही. पाशामियाँ म्हणाले, केरबाभाई, जरा काठोकाठ होऊ द्या. केरबा म्हणाला, काठावरचं घरी जाईपर्यंत सांडतं. शेवटी सगळ्यांचं भरून झालं तरी टाकीत पाणी होतं. ज्यांना रस्त्यापर्यंत येववत नव्हतं त्या म्हाताऱ्यांच्या दाराशी टँकर गेला. केरबाचा चेहरा प्रीतिभोजनानंतर व्हायचा तसाच झाला होता, पण या वेळी कुणी उपाशी नव्हतं.

इकडे चर्चमध्ये गायनाची वेळ झाली आणि सुरू करून द्यायला कुणी नव्हतं. भीमा तबल्यावर हात ठेवून बसला. शांतता इतकी झाली की पलीकडे दुकानात पाशामियाँच्या गड्याने पिंजायला घेतलेल्या धनुष्याचा आवाजही मध्येच थबकला. साहेब मंडळीकडे बघत होते, मंडळी एकमेकांकडे. सरजाबाई गुरम्माच्या मागे बसली होती. तिने काठीचं टोक गुरम्माच्या पाठीला लावलं.

गुरम्माने सुरू केलं. आवाज बारीक होता, पहिल्या ओळीला थरथरला, दुसऱ्या ओळीला स्थिर झाला. भीमाने मान वर केली. तो आमच्या चर्चमध्ये तबला वाजवताना हसतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

चौकात पाशामियाँ हंडा घेऊन उभे होते. त्यांनी कान दिला आणि व्यंकटीला विचारलं, आज कोण गाऊन राहिलं? व्यंकटीने आवाज ओळखला होता. घरात भाकरी थापताना ती गुणगुणायची, तेव्हा तो तिला म्हणायचा, हळू, मला ताल मोजायचा हाय. त्याचा चेहरा आधी पडला. मग पाशामियाँ म्हणाले, बहुत खूब, आणि तो म्हणाला, आमच्याच घरातलं हाय.

त्या दिवशी घरी दोघं काय बोलली ते ठाऊक नाही. पण पुढच्या आठवड्यात व्यंकटी साहेबांकडे आला आणि म्हणाला, गुरम्माला जमत असंल तर म्हणू द्या, मला टँकर सोडून येता येत न्हाई. हे त्याने असं सांगितलं की जणू मोठी जमीन दान करून राहिला आहे. साहेबांनीही ते तसंच घेतलं. मधे एका रविवारी टँकर नादुरुस्त होता म्हणून आलाच नाही, तरी व्यंकटी उपासना संपेपर्यंत चौकातच उभा होता.

सगळं जुळून आलं, पण साहेबांच्या मनातून नागुबाई जाईना. आपण एका भोळ्या बाईचा उपयोग करून घेतला, असं त्यांना वाटत राहिलं. तिच्यासमोर आले की ते नको तितकं गोड बोलायचे.

जूनच्या सुरुवातीला टँकरच्या ड्रायव्हरने निरोप आणला. रामकिशनराव लातूरला दवाखान्यात होते. पोटात खडे निघाले होते, ऑपरेशन होतं, आणि त्यांनी त्या उदगीरच्या बाईंना बोलावलं होतं. साहेबांनी निरोप दोनदा विचारून घेतला. बाईंनाच? ड्रायव्हर म्हणाला, हाव, बाईंनाच.

एसटीत नागुबाई खिडकीशी बसली, साहेब शेजारी. बाहेर रानं उघडी पडलेली, नळेगावच्या पुढे एका विहिरीच्या कठड्याला दोऱ्यांनी पडलेल्या खाचा दिसत होत्या, पाणी दिसत नव्हतं. साहेबांनी बोलायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

"साहेब," नागुबाईच म्हणाली, "सरजीनं मला त्या माणसाकडं कशाला धाडलं ते मला ठावं होतं."

साहेब तिच्याकडे वळले.

"त्या टेबलावर टँकरची पाटी होती. मला वाचता येतं. आन मला बघून लोक चादरी फेकून उठतात, ते बी मला दिसतं. गुरम्मा ताप अंगात घेऊन अंगण झाडत होती." ती जराशी हसली. तिला असं हसताना साहेबांनी पहिल्यांदाच बघितलं. "उठतात न्हवं? पडून राहिलं की माणूस अजून खचतं. तुमी बी उठला."

"पण मावशी, मग हे सगळं सांगता कशाला? मेलेल्यांचं?"

तिने पदर सारखा केला. मग तिने नवऱ्याचं सांगितलं. गँगमन होता, पोटात दुखायला लागलं. डॉक्टरने तिला सांगितलं काही न्हाई, शेजाऱ्यांनी सांगितलं काही न्हाई, पाळक येऊन हसून गेले. तिनेही तेच खरं धरलं. त्याचा भाऊ धर्माबादला होता, त्याला भेटायला जायचं म्हणायचा. सगळे म्हणायचे, बरं वाटल्यावर जा.

"सगळ्यांना ठावं होतं," नागुबाई म्हणाली. "त्याला आन मला सोडून."

लातूरला उतरल्यावर दोघं थेट दवाखान्यात गेली.

रामकिशनराव खाटेवर अर्धवट उठून बसले होते. निम्मे झाले होते. बायको पायथ्याशी उभी, डोळे रडून सुजलेले. खोलीत नातेवाईक होते आणि सगळे काही काळजी करू नका असं म्हणत होते. डॉक्टर येऊन म्हणून गेले होते, मेहुणे म्हणत होते, कचेरीतले लोकही म्हणत होते. नागुबाई आत आली तसे रामकिशनरावांनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

ती उशाशी बसली. कपाळावर हात ठेवला. कुठं दुखतं, कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले, कुठे चिरणार, सगळं विचारलं. तो माणूस तिला काही न लपवता सांगत होता, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हता. साहेबांना वाटलं आता गुरुलिंगमामा येणार. त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली.

"बाई, इथं सगळे खोटं बोलून राहिलेत," रामकिशनराव म्हणाले. "तुम्ही खरं सांगा. मी मरणार का?"

नागुबाईने पुन्हा एकदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं, खालची पापणी ओढून बघितली, हाताची नखं बघितली.

"न्हाई," ती म्हणाली. "यानं न्हाई."

रामकिशनरावांचे खांदे खाली आले. त्यांनी मागे उशीवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. इतक्या जणांनी इतके दिवस हेच सांगितलं होतं, पण त्यांनी श्वास सोडला तो आत्ता.

ऑपरेशन होऊन ते बाहेर आले तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टर म्हणाले, व्यवस्थित झालं. बायकोने नागुबाईचे पाय धरले. नागुबाईने तिला उठवलं, बाकड्यावर शेजारी बसवलं, तोंडावरून हात फिरवला आणि पथ्यं सांगायला घेतली. तूप बंद, तळलेलं बंद, सकाळी उठल्या उठल्या चहा बंद. बायको मान हलवत ऐकत होती. मग नागुबाईने निलंग्याच्या एका माणसाचं नाव घेतलं, ज्याने ऑपरेशननंतर एका लग्नात भजी खाल्ली होती. साहेब चहा आणायला उठले.

ते परत आले तेव्हा निलंग्याचा तो माणूस वारला होता आणि दुसरा कोणीतरी जिलेबी खात होता. रामकिशनरावांची बायको नागुबाईचा हात घट्ट धरून बसली होती, आणि पुढे काय झालं ते विचारत होती.